रेणूच्या गळ्यातली घंटा

सोन्याचा ४० नॅनोमीटर व्यासाचा कण एखाद्या प्रथिनाला किंवा पेशीपटलातल्या मेदरेणूला जोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा ठिपका कुठे कुठे सरकतो हे टिपत राहायचे, ही जीवशास्त्रात गेल्या चार दशकांत रुळलेली पद्धत आहे. रेणू स्वतः दिसत नाही. दिसतो तो त्याला बांधलेला कण. रानात चरायला गेलेले गुरू झाडीआड दिसेनासे झाले, तरी गळ्यातल्या घंटेवरून त्याचा माग लागतो, तसाच हा प्रकार. मात्र घंटा फार लहान असली तर ऐकू येत नाही आणि फार मोठी असली तर तिचे लोढणे होते. ओढाळ जनावराला लोढणे बांधतात ते त्याने हिंडू नये म्हणून. माग काढण्यासाठी बांधलेली वस्तूच चाल बदलू लागली, तर मागाला अर्थ उरत नाही. कण दिसावा एवढा मोठा हवा आणि रेणूला जाणवू नये एवढा लहान हवा. या पद्धतीचा सगळा इतिहास या एका ओढाताणीचा आहे.

आकडे पाहिले की ही ओढाताण स्पष्ट होते. ४० नॅनोमीटरच्या कणात सोन्याचे सुमारे २० लाख अणू असतात. पेशीत सामान वाहून नेणाऱ्या कायनेसिन या प्रथिनाच्या तुलनेत तो सुमारे हजारपट जड भरतो. एवढे वजन ओढून कायनेसिन चालते कसे, हा प्रश्न साहजिक आहे. पण इतक्या सूक्ष्म जगात वजनाला जवळजवळ किंमत नसते. तिथे अडवते ते पाणी. पाण्याचा विरोध कणाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो, आणि ४० नॅनोमीटरच्या कणाला होणारा विरोध कायनेसिनच्या ताकदीपुढे नगण्य ठरतो. खरा धोका चिकटण्याचा आहे. कणाच्या पृष्ठभागावर जोडणीच्या जागा अनेक असल्या, तर एकच कण तीन-चार रेणूंना एकदम धरतो, आणि मग दिसते ती एका रेणूची चाल नसून जुडग्याची असते.

सोनेच का, याला कारणे आहेत. इतक्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकत्र झुलतात आणि हिरव्या रंगाच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतात व विखुरतात. म्हणून सोन्याच्या लहान कणांचे पाणी माणकासारखे लाल दिसते. चांदी हा प्रकार सोन्याहूनही जोरात करते, पण ती सहज गंजते आणि तिचे आयन पेशीला बाधतात. सोने तसे काही करत नाही. शिवाय प्रतिदीप्त रंगद्रव्याचा रेणू काही काळ चमकून कायमचा विझतो, सोन्याचा कण विझत नाही. त्याच्याकडे तासभर पाहिले तरी तो तेवढाच तेजस्वी राहतो.

सोने बारीक करण्याची हौस विज्ञानाहून फार जुनी आहे. आयुर्वेदात सुवर्णभस्म पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि त्याचे कारखानी उत्पादन करणाऱ्यांत पेणच्या शेजारच्या पनवेलमध्ये १८७२ साली सुरू झालेल्या श्रीधूतपापेश्वर या संस्थेचे नाव घ्यावे लागते. अलीकडे काही नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा त्यांत ५०-६० नॅनोमीटरच्या आसपासचे सुवर्णकण आढळले. एवढ्यावरून प्राचीनांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते, असा डांगोरा पिटला जातो. त्यात तथ्य नाही. भस्मातले कण एकमेकांना चिकटून गठ्ठ्यांत असतात आणि आकाराने सारखे नसतात. रेणूचा माग काढायला प्रत्येक कण सुटा हवा, सारखा हवा आणि पाण्यात तरंगता राहायला हवा. तरंगते सोने ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची नीट तपासणी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने केली.

फॅरेडेने १८५७ साली सोने व प्रकाश यांच्या संबंधावर व्याख्यान दिले. सोन्याच्या क्लोराइडच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्याने माणकासारखे लाल पाणी मिळवले. ते निव्वळ द्रावण नसून त्यात धातूचे अतिसूक्ष्म कण तरंगत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. भिंगाने एकवटलेला प्रकाश त्या पाण्यातून सोडला की प्रकाशाचा शंकू उजळून दिसे. साध्या द्रावणात तसे होत नाही. आणि त्या लाल पाण्यात मीठ टाकले की ते निळे होई व काही वेळाने सोने तळाशी बसे.

मिठाची ही करामत पेण-रोह्याकडच्या माणसाला प्रयोगशाळेबाहेर दर पावसाळ्यात पाहायला मिळते. अंबा, भोगावती आणि कुंडलिका या नद्या डोंगरावरची माती घेऊन उतरतात. गोड्या पाण्यात मातीचे सर्वांत बारीक कण खाली बसत नाहीत, कारण प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. धरमतर आणि रेवदंड्याच्या खाड्यांत भरतीचे खारे पाणी भेटले की मिठातले धन आयन हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि गाळ बसू लागतो. खारेपाटाची चिकण जमीन घडवण्यात या साकळण्याचा मोठा वाटा आहे. बांध घालून, उघाड्या बसवून भातशेतीखाली आणलेली खारी जमीन मुळात याच गाळाची. पेणच्या गणपती कारखान्यांत भिजत घातलेल्या शाडूतही जाड कण आधी खाली बसतात आणि बारीक कण पाणी बराच वेळ गढूळ ठेवतात. फॅरेडेच्या बाटलीतले सोने आणि खाडीतली माती या दोन्ही गोष्टी कलिल या एकाच सदरात मोडतात. फरक एवढाच, की सोन्याचे कण जवळ आल्याची खबर रंग बदलून लगेच मिळते.

मिठाने सोने साकळणे ही जीवशास्त्राच्या दृष्टीने मोठी अडचण होती. रक्त, पेशीद्रव, पेशी वाढवण्याचे पोषक द्रव हे सगळे खारेच असतात. त्यात उघडे सोने टाकले तर क्षणात निळे पडून बसेल. यावरचा उपाय ऑस्ट्रियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड झिग्मोंडी याच्या कामातून पुढे आला. सोन्याच्या पाण्यात थोडे जिलेटिन किंवा डिंक आधी मिसळला, तर मीठ घातल्यावरही रंग लालच राहतो, कारण कणांवर त्या पदार्थाचे आवरण चढते. १९०१ साली त्याने यावरून ‘सुवर्णांक’ हे माप ठरवले: १० घन सेंटिमीटर लाल सोन्यात १० टक्के मिठाचे १ घन सेंटिमीटर पाणी घातल्यावर रंग टिकवायला संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, तो त्याचा सुवर्णांक. जिलेटिनला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी पुरते. बाभळीच्या जातीच्या डिंकाला त्याच्या वीसेक पट लागते. प्रथिने सोन्याला आपण होऊन चिकटतात आणि त्याला खाऱ्या पाण्यात तारतात, हे यातून पक्के झाले. पुढे सत्तर वर्षांनी सोने प्रथिनांना जोडायची वेळ आली तेव्हा हीच कसोटी उपयोगी पडली, आणि आजही कणांवर पुरेसे प्रतिपिंड चढले की नाही हे पाहायला मीठ टाकून रंग बघतात.

झिग्मोंडीचे दुसरे काम अधिक प्रसिद्ध झाले. येना येथील शॉट काचकारखान्यात तो लाल काचेच्या अभ्यासाकडे वळला होता. त्या काचेचा रंगही सोन्याच्या कणांचाच. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते कण दिसत नसत. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान वस्तूचा आकार भिंगातून उमटत नाही, हे एर्न्स्ट आबे याने १८७३ सालीच दाखवून दिले होते. झाइस कंपनीतल्या हेन्री झीडेंटोप्फ याच्या मदतीने झिग्मोंडीने १९०२-०३ मध्ये या मर्यादेला वळसा घातला. प्रकाश बाजूने सोडायचा, तो थेट भिंगात जाऊ द्यायचा नाही, आणि कणांनी विखुरलेला तेवढाच प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर पाहायचा. या ‘अतिसूक्ष्मदर्शका’त कण ताऱ्यांसारखे लुकलुकताना दिसले. अंधाऱ्या रात्री खाडीत उभ्या असलेल्या होडीचा कंदील किनाऱ्यावरून दिसतो. कंदिलाची काच गोल की चौकोनी हे कळत नाही, पण होडी कुठे आहे हे मात्र बिनचूक सांगता येते. आकार कळणे आणि ठिकाण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपका २०० नॅनोमीटर पसरट दिसला, तरी त्याचा मध्य काही नॅनोमीटरांपर्यंत, प्रकाश भरपूर असल्यास त्याहूनही बारीक, काढता येतो. माग काढण्याचे सगळे शास्त्र या फरकावर उभे आहे. झिग्मोंडीला रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल मिळाले.

ठिपके स्थिर नव्हते, थरथरत होते. ही थरथर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली परागांतून निघालेल्या कणांत पाहिली होती. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून ती होते, याचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले आणि फ्रान्सच्या झाँ पेरँ याने १९०८ पासून ते मोजून दाखवले. पेरँने सोने न वापरता रेवाचिनीच्या जातीच्या डिंकाचे मोठे गोळे घेतले. दर ३० सेकंदांनी गोळ्याची जागा कागदावर टिपून त्याने ठिपके सरळ रेघांनी जोडले. त्या रेघा खऱ्या नाहीत, हे त्याने स्वतःच बजावले होते: दर सेकंदाला नोंद घेतली तर एकेका रेघेच्या जागी तितकेच वेडेवाकडे भेंडोळे दिसेल. गाडी पेणला दिसली आणि नंतर रोह्याला दिसली, एवढीच नोंद असेल तर ती मध्ये कासूला थांबली की नागोठण्याला रखडली हे त्या नोंदीतून कधीच कळणार नाही. पेरँचा हा इशारा जीवशास्त्रज्ञांनी फार उशिरा मनावर घेतला.

मधली पन्नास-साठ वर्षे या दिशेने फारसे घडले नाही. १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सोन्याचे क्लोराइड सायट्रेटबरोबर उकळून जवळपास सारख्या आकाराचे कण मिळवण्याची सोपी रीत तपशिलाने मांडली. १९७३ मध्ये फ्रेन्सने सायट्रेटचे प्रमाण कमीजास्त करून हवा तो व्यास मिळवून दाखवला. त्याआधी १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी प्रतिपिंडांना सोने जोडले. ज्या प्रथिनाचा प्रतिपिंड असेल तिथेच सोने जाऊन बसे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळाकुळकुळीत ठिपका दिसे. घंटा नेमक्या गळ्यात बांधायची युक्ती सापडली, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात नमुना मेलेलाच असतो. हलत्या रेणूचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला व्हिडिओ कॅमेऱ्याने. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट डे ॲलन आणि शिन्या इनुए यांनी सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून, चित्रातला अंधूक फरक इलेक्ट्रॉनिकीने वाढवण्याची पद्धत बसवली. बेल्जियममध्ये बीर्से इथल्या यान्सेन प्रयोगशाळेत मार्क दे ब्राबांडर आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत १९८५-८६ मध्ये जिवंत पेशींतल्या २० ते ४० नॅनोमीटरच्या सुवर्णकणांना लावली आणि तिला ‘नॅनोव्हिड’ नाव दिले. पेशीच्या पृष्ठभागावर सोन्याचे कण सरकताना पडद्यावर दिसले. १९८८ मध्ये गेल्स, श्नॅप आणि शीट्झ यांनी ठिपक्याचा मध्य संगणकाने काढून जागा एक-दोन नॅनोमीटरपर्यंत ठरवली. त्यांचे मणी प्लास्टिकचे होते. पुढच्याच वर्षी शीट्झच्या गटाने हे तंत्र सोन्याच्या कणांसह पेशीपटलावर नेले.

पेशीपटलावरचा माग हे या पद्धतीचे सर्वांत मोठे प्रकरण आहे. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा पातळ द्रव थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने, असे चित्र मांडले होते. ते मान्य झाले, पण एक हिशेब जुळेना. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पटलात मेदरेणू ज्या वेगाने पसरत, त्याच्या कित्येक पटींनी हळू ते खऱ्या पेशीत पसरत. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने १९९० च्या दशकात सोन्याचे कण लावून पाहिले, तेव्हा प्रथिने काही काळ एका लहान आवारात घोटाळतात आणि मग शेजारच्या आवारात जातात असे दिसले. नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रे घेतो. मेदरेणूसाठी हा वेग अगदीच अपुरा होता. माग साध्या भटकण्यासारखाच दिसे. २००२ मध्ये फुजिवारा, कुसुमी आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ४० हजारांहून जास्त चित्रे घेणारा कॅमेरा लावला. आता कहाणी बदलली. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशीत मेदरेणू सुमारे २३० नॅनोमीटरच्या खणात कृत्रिम पटलाइतक्याच वेगाने हिंडतो, आणि सरासरी दर ११ मिलिसेकंदांनी कुंपण ओलांडून पुढच्या खणात उडी मारतो. हळूपणा द्रवाचा नसून कुंपणांचा होता. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असलेली तंतूंची जाळी आणि तिला बांधलेली प्रथिने म्हणजे हे कुंपण, असा त्यांचा निष्कर्ष होता. पेरँने ९० वर्षांपूर्वी दिलेल्या इशाऱ्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. एवढ्या वेगाला सोनेच हवे होते, कारण २५ मायक्रोसेकंदांत पुरेसा प्रकाश देणे प्रतिदीप्त रेणूच्या आवाक्याबाहेरचे होते. यावर आक्षेपही आले आणि ते रास्त होते: उड्या मेदरेणूच्या की कणाने धरलेल्या जुडग्याच्या? पुढच्या प्रयोगांत कणावरच्या जोडण्या कमी करून, दुसऱ्या पद्धतींशी ताडून पाहिले गेले. खणांचा आकार सर्वांनाच सारखा मिळाला नाही, आणि हा वाद पुरता मिटलेला नाही.

मोटर प्रथिनांच्या अभ्यासात सोन्याने कमी वादग्रस्त यश मिळवले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी सिंथेज या विकराचा एक भाग गरगर फिरतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्याला ॲक्टिनचा लांब तंतू जोडून दाखवले. पण पाण्यात तंतू फिरवताना विकर दमत होते. ते लोढणेच होते. २००१ मध्ये यासुदा, नोजी आणि सहकाऱ्यांनी तंतूऐवजी ४० नॅनोमीटरचा सुवर्णकण लावून सेकंदाला ८,००० चित्रे घेतली. विकर सेकंदाला सुमारे १३० फेरे घेऊ लागले आणि १२० अंशांचे प्रत्येक पाऊल दोन तुकड्यांत पडते हेही दिसले. २०१५-१६ मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये कायनेसिनच्या एकेका डोक्याला सोने बांधून दोन पावलांमधला, एकच डोके टेकलेला टप्पा टिपला गेला.

महाराष्ट्रात या विषयाच्या सर्वांत जवळचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. ती संस्था मुंबईच्या कुलाब्यात आहे. तिथे रूप मलिक यांच्या गटाने डायनीन आणि कायनेसिन ही मोटर प्रथिने सामान कसे ओढतात याचा अभ्यास केला. पेशींनी गिळलेले प्लास्टिकचे मणी लेसरच्या चिमटीत धरून, डायनीनचे रेणू गटाने किती जोर लावतात हे त्यांनी २०१३ मध्ये दाखवले. इथे सोने नव्हते, आणि त्याला कारण होते. बल मोजायचे तर लेसरने घट्ट धरता येईल असा मोठा मणी लागतो, आणि लेसरच्या झोतात सोने तापते. चाल पाहायची तर लहान सोने बरे. जोर पाहायचा तर मोठे प्लास्टिक बरे.

सोन्याचा कण आणखी लहान करायला निसर्गाचा एक नियम आडवा येतो. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केला की प्रकाश ६४ पट घटतो. ४० ऐवजी १० नॅनोमीटरचा कण घेतला तर ४,००० पटींहून जास्त. २००२ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी कणाच्या तापण्याचाच उपयोग केला: एका लेसरने कण किंचित तापवायचा आणि भोवतालच्या माध्यमात पडलेला फरक दुसऱ्याने वाचायचा. शोषण व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटत असल्याने ५ नॅनोमीटरचे कणही सापडले. २००४ मध्ये वाहिद संदोगदार यांच्या गटाने दुसरी वाट काढली. कणाने विखुरलेला क्षीण प्रकाश काचेवरून परतलेल्या प्रकाशात मिसळू द्यायचा. दोहोंच्या व्यतिकरणातून मिळणारा संकेतही तिसऱ्याच घाताने घटतो. सहाव्याचा तिसरा घात झाला हा या शतकातला सर्वांत मोठा फायदा म्हणावा लागेल. कॅमेऱ्यांचा वेग त्याच्या मागून येतो.

कण तयार करण्याच्या बाजूने महाराष्ट्राचे नाव अधिक ठळक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००१ मध्ये बुरशीकडून चांदीचे कण तयार करून घेतले आणि २००४ मध्ये गवती चहाच्या काढ्याने सोन्याचे त्रिकोणी पत्रे मिळवले. हे त्रिकोण दृश्य प्रकाशापेक्षा अवरक्त प्रकाश जास्त शोषतात. माग काढायला ते सोयीचे नाहीत, कारण कडा आणि कोपऱ्यांचा कण फिरला की त्याचे तेज बदलते आणि तो सरकला की नुसता वळला हे सांगणे अवघड होते. गोल, सारखा आणि सुटा कण हवा असेल तर टर्केविचची सायट्रेटची भट्टीच अजून चालते.

२०१४ मध्ये व्यतिकरणाची पद्धत इतकी सुधारली, की काही प्रथिने सोन्याशिवाय, स्वतःच्याच विखुरलेल्या प्रकाशाने दिसू लागली. २०१८ मध्ये त्याच प्रकाशावरून प्रथिनाचे वजन काढण्याची रीतही आली. ही प्रथिने काचेवर बसलेली किंवा तिच्या अगदी लगत असावी लागतात, आकाराने फार लहान चालत नाहीत आणि भोवती पेशीची गर्दी असली तर हरवतात. जिवंत पेशीपटलावरच्या एका रेणूची चाल मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने पाहायची असेल, तेव्हा त्याला आजही सोन्याचा कणच बांधला जातो, बहुधा २० ते ४० नॅनोमीटरचा.